लष्करी विमानावरचे प्रोपेलरचे पाते नागरी विमानाला लावता येते का?

एकाच कारखान्यात, एकाच आराखड्यानुसार घडलेले पाते लष्करी विमानावर चालते, तर ते काढून नागरी विमानाला का लावू नये, असे आपण विचारले आहे. थोडक्यात उत्तर असे की, केवळ आराखडा सारखा आहे म्हणून ते लावता येत नाही.

१९४४ च्या शिकागो करारातून लष्करी विमाने वगळलेली आहेत, त्यामुळे त्यांची उड्डाणयोग्यता प्रत्येक देशाचे लष्करी प्राधिकरण स्वतः ठरवते. नागरी बाजूला प्रोपेलरला स्वतंत्र प्रकार-प्रमाणपत्र, म्हणजे त्याच्या आराखड्याला मिळालेली अधिकृत मान्यता, लागते. अमेरिकी नागरी विमान नियमांच्या भाग ३५ प्रमाणे हब (प्रोपेलरचा मधला तुंबा) आणि पाती धरून ठेवणारी रचना कमाल केंद्रोत्सारी भाराच्या (फिरताना पात्यांना बाहेर ओढणाऱ्या जोराच्या) दुप्पट भाराखाली एक तास टिकावी लागते, सुमारे १.८ किलोच्या पक्ष्याची धडकही सोसावी लागते. मात्र नवेपणी दिलेल्या या परीक्षा वापरातल्या पात्याबद्दल फारसे काही सांगत नाहीत, आणि माझ्या मते खरा प्रश्न तिथेच आहे.

१९९५ मध्ये अमेरिकेत एका एम्ब्राएर १२० प्रवासी विमानाचे पाते उड्डाणात तुटले. पात्याच्या आतल्या पोकळीत गंजाने पडलेल्या खळग्यांपासून थकव्याची चीर (वारंवार पडणाऱ्या भाराने धातूला जाणारा तडा) वाढत गेली होती. २०१७ मध्ये अमेरिकी मरीन कोअरच्या केसी-१३०टी विमानाचे पाते निखळून थेट विमानाच्या धडात (मुख्य सांगाड्यात) घुसले आणि विमानातील सर्व १६ जण मृत्युमुखी पडले. त्या पात्यावरचा गंज २०११ च्या लष्करी ओव्हरहॉलमध्ये (सुटे करून केलेल्या संपूर्ण दुरुस्तीत) काढला गेला नव्हता. नियमावली कोणाचीही असो, धातू गंजतो तो एकाच रीतीने, आणि दोन्हीकडे हे नुकसान तपासणीतच सापडायला हवे होते.

म्हणून नागरी व्यवस्थेत पात्याइतकेच महत्त्व त्याच्या नोंदींना असते: किती तास चालले, कोणी उघडले, कोणत्या मर्यादेपर्यंत घासले. लष्करी वापरात भार आणि तपासणीचे अंतर वेगळे असू शकते, त्यामुळे तिथले तास जसेच्या तसे धरता येत नाहीत. मान्यताप्राप्त संस्थेने निर्मात्याच्या पुस्तिकेनुसार तपासून सेवेत सोडण्याचे प्रमाणपत्र दिले, आणि तो भाग प्रमाणित आराखड्याशी जुळत असल्याचे सिद्ध झाले, तर मार्ग खुला होतो. आयुर्मर्यादा ठरवून दिलेल्या भागाची मात्र पहिल्या दिवसापासूनची नोंद नसेल, तर उरलेले आयुष्य कोणत्याही तपासणीने काढता येत नाही. असा भाग कितीही चकचकीत दिसला तरी विमानाला लावू नये.