वाचक विचारतात

प्रश्न : दिल्लीत लाल किल्ला, कुतुबमिनार पाहून झालंय. अर्धा दिवस हाताशी आहे. काही वेगळं सुचवाल?

उत्तर : देशभर ‘सुलभ’ सार्वजनिक स्वच्छतागृहं उभारणाऱ्या संस्थेचे संस्थापक बिंदेश्वर पाठक यांनी १९९२ साली उभारलेलं सुलभ शौचालय संग्रहालय पाहा. नाव ऐकून नाकं मुरडली जातात, पण तिथे हसूही भरपूर येतं. फ्रान्सचा राजा चौदावा लुई याच्या सिंहासनवजा कमोडची प्रतिकृती बघाच! मेट्रोने दशरथपुरीला उतरून रिक्षाने महावीर एन्क्लेव्हमधल्या ‘सुलभ ग्राम’ला जा, नुसतं ‘सुलभ’ म्हणालात तर रिक्षावाला जवळच्या स्वच्छतागृहापाशी सोडेल. दालन छोटंच आहे. खरा वेळ अंगणातल्या दोन खड्ड्यांच्या शौचालयांना द्या. एक खड्डा भरला की मैला दुसऱ्यात वळवतात. बंद खड्ड्यात सुमारे दोन वर्षांत खत होतं.