कूलंट जातं कुठं?

प्रश्न : माझी 2007 सालची पेट्रोल गाडी आहे. दर पंधरवड्याला कूलंट (इंजिन थंड ठेवणारा द्रव) ‘मिनिमम’ खुणेखाली जातं, पण गाडीखाली थेंबही दिसत नाही. वरून बोअरचं पाणी टाकतो. काय तपासू? — एक वाचक, परभणी

उत्तर : आधी बोअरचं पाणी बंद करा. आपल्याकडच्या बोअरला क्षार फार. रेडिएटरच्या बारीक नळ्या त्यानंच चोंदतात. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं भरा.

बारीक गळती गरम इंजिनवरच वाळते, म्हणून खाली डाग पडत नाही. इंजिन पूर्ण थंड असताना टॉर्च घेऊन होजच्या (रबरी पाइपांच्या) क्लिपा आणि वॉटर पंपाचं खालचं छोटं भोक बघा. तिथं पांढरट-हिरवट पापुद्रा दिसला, तर गळती तिथंच. रेडिएटरच्या कॅपचं रबर कडक झालं असेल तर तेवढ्याच दाबाची नवी कॅप बसवा. खर्च किरकोळ आहे.

तरीही पातळी उतरली तर गॅरेजमध्ये प्रेशर टेस्टर (कूलंटच्या मार्गात हवेचा दाब भरून गळती शोधायचा पंप) लावायला सांगा. कॅपवर 0.9 बार लिहिलं असेल तर तेवढाच दाब द्यायचा, जास्त नाही, आणि पंधरा मिनिटं काटा बघायचा. काटा पडतोय, बाहेर मात्र कोरडं? डॅशबोर्डखालचं कार्पेट चाचपा. एसीचं पाणी साधं असतं. चिकट, गोडसर वासाचं असेल तर हीटर कोअर, म्हणजे केबिन गरम करणारा डॅशबोर्डमागचा छोटा रेडिएटर, गळतोय.

तेही कोरडं असेल तर स्पार्क प्लग काढा. एकच प्लग धुतल्यासारखा स्वच्छ निघाला, तर त्या सिलिंडरमध्ये कूलंट शिरत असावं; हेड गॅस्केटवर (इंजिन ब्लॉक आणि हेडमधल्या सीलवर) दाट संशय घ्या. अशा वेळी गळती बुजवायची पावडर टाकू नका; तिनं हीटर कोअरही चोंदतो. आणि गरम इंजिनची कॅप कधीच उघडू नका.