शिवसागरात मासेमारीसाठी सपाट तळाची ॲल्युमिनियम होडी घ्यावी की व्ही आकाराच्या तळाची?

आपण तापोळा-बामणोली भागात, म्हणजे कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयात, दोघांनी जाळी टाकण्यासाठी 12 फुटी सपाट तळाची की 14 फुटी व्ही तळाची होडी घ्यावी, असे विचारले आहे. माझ्या मते 14 फुटी व्ही तळाचीच घ्यावी.

सपाट तळाची होडी उथळ पाण्यात सहज शिरते, तिला कमी शक्तीची मोटर पुरते आणि शांत पाण्यात उभे राहून जाळे ओढताना ती कमी डुलते. सांगलीजवळच्या कृष्णेच्या संथ पात्रासाठी मी तीच सुचवली असती. परंतु शिवसागर हा डोंगरांमधून लांबवर पसरलेला जलाशय असल्याने, वारा त्याच्या लांबीच्या दिशेने वाहू लागला की लाटांना वाढायला भरपूर अंतर मिळते, आणि अशा लाटांवर सपाट तळ आपटत राहतो व पुढून पाणी आत येते. व्ही तळ लाट कापत जातो. तो थांबलेला असताना अधिक डुलतो हे खरे, म्हणून जाळे ओढताना दोघांनी एकाच बाजूला झुकू नये आणि तरंगजाकीट अंगावर असावेच.

जलाशयाचा काही भाग कोयना अभयारण्याला लागून असल्याने, मासेमारीची परवानगी कोठे आहे हे आधी वन व मत्स्यव्यवसाय विभागांकडे विचारावे. होडी जुनी असेल, तर ती जमिनीवर नीट टेकवून आत थोडे पाणी ओतावे. रिव्हेट, म्हणजे पत्रे जोडणारे खिळे, सैल झाले असतील तर त्यांच्यामधून ते बाहेर झिरपताना दिसते.