जेट स्कीचा क्रँक आणि आईंची एफडी

सोलापूरच्या विजापूर रोडवरून एका वाचकांचं पत्र आलं आहे. वय २९. वडिलांच्या टेरी टॉवेलच्या कारखान्यात काम, महिन्याला ३२ हजार हातात येतात, एसआयपी आणि भिशी भरून दहा हजारांच्या आसपास उरतात. २०२१ मध्ये त्यांनी मालवणकडून यामाहाची जुनी सुपर जेट ७०१ घेतली. ही उभं राहून चालवायची जेट स्की. सुट्टीच्या दिवशी उजनीच्या बॅकवॉटरवर ते लोकांना शिकवतात, स्वतःही चालवतात. मे महिन्यात मशीन पाण्यात उलटलं. चार-पाच दिवस तसंच शेडमध्ये पडून राहिलं, मग चालू केल्यावर खडखड येऊ लागली आणि दुसऱ्या रविवारी इंजिन जाम झालं. उघडलं तर मागच्या सिलिंडरच्या कनेक्टिंग रॉडचं खालचं बेअरिंग फुटलेलं.

समोर चार रस्ते आहेत. अक्कलकोट रोड एमआयडीसीतला एक कारागीर जुनाच क्रँक (पिस्टनच्या वर-खाली हालचालीने फिरणारा इंजिनचा दांडा) नवं रॉड किट आणि बेअरिंग टाकून ३८ हजारांत करून देतो म्हणतो. परदेशी वेबसाइटवर दुसऱ्या कंपनीचा तयार क्रँक ४२ हजारांना दिसतो. ओरिजिनल यामाहा क्रँक हातात पडेपर्यंत सव्वा लाख. आणि एकजण जुनं अख्खं इंजिन १ लाख १० हजारांना द्यायला तयार आहे. "आईच्या नावावरची दोन लाखांची एफडी मोडून ओरिजिनलच टाकावा का? एकदाच खर्च, पुन्हा बघायला नको. गड्ड्याच्या आधी मशीन पाण्यात हवं," असं ते विचारतात. (गड्डा म्हणजे सोलापूरची जानेवारीतली सिद्धेश्वर यात्रा.)

एफडी मोडू नका आणि ओरिजिनल क्रँकही घेऊ नका. का, ते सविस्तर सांगतो. तुम्ही पत्रासोबत हिशेबाच्या वहीचे फोटो पाठवलेत हे फार बरं केलंत. माझं निम्मं उत्तर त्या पानांवरच आहे.

गेल्या हंगामात तुमच्या वहीत १२० सेशन दिसतात. पंधरा मिनिटांचं एक, दर ६००. म्हणजे ७२ हजार जमा, आणि हाच आकडा तुमच्या डोक्यात बसला आहे. आता खर्च बघा. एका सेशनला तुम्ही सरासरी तीन लिटर पेट्रोल लिहिलंय. लिटरला १०५ धरले तर ३१५ रुपये. पन्नासास एक या प्रमाणात तीन लिटरला ६० मिली टू-स्ट्रोक ऑइल, त्याचे ३६. सेशनमागे ३५१ रुपये पाण्यात जळाले, उरले २४९. १२० सेशनचे झाले २९,८८०. मदतीला येणाऱ्या पोराला दिवसाला ४०० प्रमाणे चाळीस दिवसांचे १६ हजार. हातात राहिले १३,८८०. यात सोलापूर ते उजनी गाडीचं डिझेल नाही, प्लग-ग्रीस नाही, तुमचे स्वतःचे चाळीस दिवस तर नाहीतच.

क्रँक एकटा बदलून भागत नाही. गॅस्केट सेट, दोन्ही टोकांचे ऑइल सील, पिस्टन-रिंग, सिलिंडरचं होनिंग, कार्ब्युरेटरचं किट, पेट्रोलच्या नळ्या आणि जोडणीची मजुरी असे आणखी २७ हजार धरा. ओरिजिनलचा खर्च मग १ लाख ५२ हजारांवर जातो. वर्षाला १३,८८० च्या हिशेबाने तो फिटायला अकरा हंगाम लागतील. आईंनी ही एफडी कशासाठी ठेवली ते पत्रात नाही, पण अकरा हंगाम थांबण्यासाठी ठेवली नसणार.

आणि उजनीचा हंगाम आपल्या हातात नसतो, हे सोलापूरकरांना मी वेगळं सांगायला नको. उजनी मायनसमध्ये, म्हणजे मृतसाठ्यात गेली की तुमच्या ठिकाणचं पाणी अर्धा-एक किलोमीटर मागे सरकतं आणि मध्ये उरतो तो चिखल. २०२४ च्या उन्हाळ्यात साठा उणे ५० टक्क्यांच्याही खाली गेला होता. धरणाची एकूण क्षमता ११७ टीएमसी आणि त्यातला निम्म्याहून अधिक मृतसाठा, त्यामुळे पाणी दिसतं पण काठ लांब जातो. असं एक वर्ष तुमच्या हिशेबात धरावंच लागेल.

मग दुरुस्तीच करू नये का? करावी. त्यासाठी पत्रातलाच दुसरा एक आकडा बघा, जो तुम्ही जाता जाता लिहिलाय. मालवणचा गिऱ्हाईक मशीन आहे तसं ७० हजारांना मागतो आणि चालू करून दिलं तर १ लाख ७० हजार द्यायला तयार आहे. म्हणजे चालू इंजिनाची बाजारात किंमत एक लाख रुपये. उद्या विकायची वेळ आली तरी एक लाखाच्या आत केलेला खर्च परत येतो, त्यावरचा प्रत्येक रुपया तुमच्या हौसेचा. म्हणून सगळं धरून एक लाख ही वरची मर्यादा ठरवा, आणि ती कागदावर लिहून ठेवा. टू-स्ट्रोक सुपर जेट २०२० पर्यंत निघत होती, २०२१ पासून ती फोर-स्ट्रोक झाली. त्यामुळे जुन्या ७०१ चे सुटे भाग अजून मिळतात आणि तिला गिऱ्हाईकही आहे.

या मर्यादेत बसतात ते दोनच रस्ते: जुना क्रँक करून घेणं, किंवा दुसऱ्या कंपनीचा तयार क्रँक. जुनं इंजिन मर्यादेच्या बाहेर आहे, शिवाय त्याच्या पोटातल्या क्रँकची अवस्था उघडल्याशिवाय कळणार नाही. ते सोडून द्या.

आता मूळ दुखण्याकडे येतो. माझ्या वडिलांचे साखर पेठेत दोन लूम, म्हणजे यंत्रमाग होते. लूमलाही क्रँक शाफ्ट असतो, फणी मागेपुढे होते ती त्याच्याच जोरावर. एकदा बुश घासून आवाज यायला लागला. वडिलांनी बुश बदलला, महिन्यात पुन्हा तेच. दुसऱ्यांदा बदलला, तरी तेच. शेवटी लूम दुरुस्त करणाऱ्या एका जुन्या जॉबरनं चालत्या लूमच्या साच्यावर तळहाताची मागची बाजू टेकवली, थोडा वेळ तसाच उभा राहिला आणि म्हणाला, मालक, एक पाय बसलाय. लेव्हल गेली होती. तोवर दोन बुशांचे पैसे आणि कितीतरी दिवसांचा माल गेला होता. त्या महिन्यात घरात किराणा उधारीवर आल्याचं मला अजून आठवतं.

तुमच्या क्रँकच्या फोटोत बाहेरच्या बेअरिंगच्या खालच्या अंगाला गंजाची एक सरळ रेघ दिसते. टू-स्ट्रोक क्रँक दुरुस्त करणाऱ्या माझ्या एका इंजिनिअर मित्राला मी तो फोटो दाखवला. ती पाणी साचून राहिल्याची खूण आहे, असं तो म्हणाला. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल-ऑइलचं मिश्रण क्रँककेसमधूनच वर जातं, बेअरिंगला तेल मिळतं ते तेवढंच. तिथे चार-पाच दिवस पाणी बसलं तर बेअरिंगच्या रोलरवर खड्डे पडतात, आणि मग चालू केल्यावर तो स्वतःलाच खात जातो. वहीतलं दुसरं पानही मला खटकलं. ऑइलच्या रकान्यात तीन ठिकाणी "अंदाजे" लिहिलंय. म्हणजे तुमचा क्रँक कमी प्रतीचा होता म्हणून गेलेला नाही. सव्वा लाखाचा ओरिजिनल टाकला आणि मशीन उलटल्यावर तसंच ठेवलं, ऑइल अंदाजे घातलं, तर तोही असाच जाईल. "एकदाच खर्च, पुन्हा बघायला नको" हे म्हणूनच खरं होणार नाही. मशीन पाण्यात गेलं की त्याच दिवशी प्लग काढून पाणी बाहेर काढायचं, इंजिन चालवून कोरडं करायचं आणि ऑइल फवारायचं. मापाचा डबा दोनशे रुपयांना मिळतो. जोडणी झाल्यावर इंजिनात हवा भरून गळती तपासायला मेकॅनिकला सांगा. सीलमधून हवा ओढली गेली तर मिश्रणात पेट्रोल-ऑइल कमी पडतं आणि नवा क्रँकही जातो.

एमआयडीसीतल्या कारागिराबद्दल. त्यांनी आरएक्स १०० आणि चेतकचे क्रँक केलेत, असं तुम्ही लिहिता. तो हात महत्त्वाचा आहे, कारण तुमचा क्रँकही तसाच तुकड्या-तुकड्यांतून दाबून बसवलेला असतो. पण आरएक्सचं इंजिन एका सिलिंडरचं. तुमच्यात दोन सिलिंडर आहेत, रॉड ज्यांवर फिरतात त्या दोन्ही पिन एकमेकींशी १८० अंशांत, मध्ये दोन्ही कप्पे वेगळे ठेवणारं सील. दाबताना कोन जरा चुकला तर एका सिलिंडरचं टायमिंग कायमचं बिघडतं. तेव्हा जाऊन समोर बसा. क्रँक व्ही-ब्लॉकवर (खाचेच्या ठोकळ्यांवर) ठेवून डायल गेज, म्हणजे फिरताना तो किती डगमगतो ते दाखवणारं माप, लावायला सांगा आणि काटा किती हलतो ते स्वतःच्या डोळ्यांनी बघा. साधारण ०.०५ मिलिमीटरच्या आत हवा. जुन्या पिनेची भोकं सैल झाली आहेत का, तेही खोलल्यावर लगेच कळेल. भोकं ठीक असतील आणि काम झाल्यावर डायल गेजचं रीडिंग बिलावर लिहून द्यायला ते तयार असतील, तर काम त्यांनाच द्या, निम्मी मजुरी रीडिंग बघून. ३८ आणि २७ मिळून ६५ हजारांत मशीन उभं राहतं. माझा कौल याला आहे.

भोकं सैल निघाली किंवा ते रीडिंग द्यायला टाळाटाळ करू लागले, तर तयार क्रँक मागवा. पण ४२ हजार हा भाव खरा नव्हे. वजनदार वस्तू, त्यामुळे भाडं बरंच. कस्टम ड्यूटी वस्तू, भाडं आणि विमा मिळून होणाऱ्या किमतीवर लागते, ड्यूटीवर १० टक्के अधिभार, या सगळ्यावर आयजीएसटी, शिवाय कार्डाचं परकीय चलनाचं शुल्क. मी ६५ हजार धरतो. त्यात २७ मिळवले की ९२, म्हणजे मर्यादेच्या काठावर. आणि चुकीचा आला तर परत पाठवणं परवडत नाही. ७०१ इंजिनातही प्रकार आहेत, १९९६ पासून ६२टी कोडचं आलं. इंजिनावरचा कोड आणि जुन्या क्रँकच्या दोन्ही टोकांची मापं विक्रेत्याला आधी पाठवून लेखी होकार घ्या. लांब स्ट्रोकचा क्रँक स्वस्तात देतो म्हणाले तरी घेऊ नका, त्याला बाकीचं इंजिनही बदलावं लागतं.

पैसा कुठून? तुमची भिशी. बाराजणांची, पाच हजारांची, आणि तुमचा नंबर नोव्हेंबरात. ते ६० हजार आणि पगारातले पाच हजार, झालं. भिशी उचलली तरी उरलेले हप्ते भरायचेच आहेत, ते विसरू नका. तयार क्रँक घ्यावा लागला तर ९२ आणि ६५ मधल्या फरकाचे २७ हजार जमायला आणखी तीन महिने लागतील, मग मशीन फेब्रुवारीत. गड्ड्याला पाहुणे येतील तेव्हा ते शेडमध्ये असेल तर असू द्या. तेवढ्यासाठी सोनं तारण ठेवणं किंवा एफडीवर कर्ज काढणं मला पटत नाही. इमर्जन्सीसाठी बाजूला ठेवलेल्या तुमच्या ९० हजारांना तर हातच लावू नका. कारखान्यात मंदी आली तर घर त्यावरच चालायचं आहे.

"खर्च टॅक्समध्ये सुटेल" असं तुम्ही पत्रात म्हणता, तेही सोडा. तुम्ही अनुमानित कर योजनेत रिटर्न भरता, तिथे उलाढालीच्या ६ किंवा ८ टक्के नफा धरलेला असतो, क्रँकचा खर्च वेगळा वजा होत नाही.

दर मात्र वाढवा. उभ्याची जेट स्की नवख्याला पहिल्या पंधरा मिनिटांत जमतच नाही, म्हणजे लोक तुमच्याकडे फेरी मारायला नाही, शिकायला येतात. शिकवणीचे हजार घ्या. एक तृतीयांश गिऱ्हाईक तुटलं, ८० सेशनच झाली, तरी सेशनमागे ६४९ प्रमाणे ५१,९२० आणि पोराचे १६ हजार वजा जाऊन ३५,९२० उरतात. आजच्या अडीचपट, आणि इंजिन एक तृतीयांश कमी झिजतं. ६५ हजार दोन हंगामांत निघतात.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत, पण मला झोप लागणार नाही म्हणून लिहितो. नोंदणी आणि तिसऱ्या व्यक्तीच्या विम्याचा पत्रात उल्लेख नाही. २०२१ च्या अंतर्देशीय जलयान कायद्यात दोन्ही आहेत. मे २०२४ मध्ये कुगाव आणि कळाशीच्या मध्ये याच पाण्यात बोट उलटून सहा जण गेले. तुमच्या हाताखाली शिकणाऱ्या एखाद्याला काही झालं तर क्रँकचा हिशेब राहील बाजूला, आईंची एफडी आणि वडिलांचा कारखानाही त्यात ओढला जाईल. मशीन पाण्यात उतरवण्याआधी हे दोन्ही कागद आणि प्रत्येकाच्या मापाचं लाइफ जॅकेट तयार ठेवा. विम्याचा हप्ता किती सांगतात ते मला कळवा, तो हजाराच्या दरात कसा बसवायचा ते आपण पाहू.