रेषेपासून रेशमापर्यंत : राऊल द्युफी आणि ल्योंचे माग

प्रश्न : राऊल द्युफी या फ्रेंच चित्रकाराने पडद्यांसाठी आणि खुर्च्यांसाठी लागणाऱ्या रेशमी कापडाची आरेखने केली होती, असे वाचनात आले. चित्र कापडावर छापता येते हे समजते, पण ते विणले कसे जाते? आणि विणलेल्या कापडात चित्रकाराचा हात कितपत उरतो?

उत्तर : द्युफी (१८७७–१९५३) या क्षेत्रात आले ते पोल प्वारे या पॅरिसच्या वेशभूषाकारामुळे. प्वारे यांनी १९११ मध्ये त्यांना एक लहानशी कार्यशाळा उभारून दिली आणि तेथे लाकडी ठशांनी कापड छापण्याचे काम सुरू झाले. पुढच्याच वर्षी फ्रान्समधील ल्यों येथील बिआंकिनी-फेरिए या रेशमाच्या पेढीने त्यांच्याशी करार केला आणि १९२८ पर्यंत द्युफी तिच्यासाठी आरेखने करीत राहिले. त्यांपैकी बरीच छापली गेली. काही मात्र ब्रोकेड आणि लांपास या जड, भरीव प्रकारांत विणली गेली, आणि आपला प्रश्न त्यांच्याविषयीच आहे.

छपाईत कापड आधी तयार असते आणि रंग त्यावर नंतर चढतो. विणकामात मात्र कापड आणि चित्र एकाच वेळी जन्माला येतात. चित्रकाराने अपारदर्शक जलरंगात काढलेले आरेखन पेढीतला तज्ज्ञ कारागीर चौकटींच्या कागदावर मोठे करून पुन्हा रंगवतो आणि कोणत्या जागी कोणता धागा वर दिसेल, हे चौकटीगणिक ठरवतो. त्या कागदावरून पुठ्ठ्याच्या पट्ट्यांना भोके पाडली जातात. जॅकार्ड या मागावर बसवलेल्या नक्षी विणण्याच्या यंत्रणेत ही पट्टी आली की जेथे भोक असेल तेथला ताण्याचा, म्हणजे उभा, धागा उचलला जातो आणि बाण्याचा, म्हणजे आडवा, धागा त्याखालून जातो. सोलापुरी चादरीची नक्षी ज्यांनी मागावर उमटताना पाहिली आहे, त्यांना हे तत्त्व नवे नाही. लांपासमध्ये पार्श्वभूमीची वीण वेगळी असते, नक्षीसाठी जादा बाणा घेतला जातो आणि तो बांधून ठेवायला ताण्याचा आणखी एक संच असतो. त्यामुळे नक्षी किंचित उठून दिसते आणि उजेड बदलला की रेशमाची झळाळीही बदलते.

या प्रवासात कुंचल्याचा फटकारा, रंगाचे ओघळ, एका छटेतून दुसऱ्या छटेत विरत जाणे हे सारे बहुधा गळून पडते, आणि जो चित्रकार केवळ याच गोष्टींवर अवलंबून असतो त्याचे आरेखन मागावर निस्तेज होते. द्युफी यांचे तसे झाले नाही. याचे कारण, माझ्या मते, त्यांच्या काष्ठकोरीव चित्रांत आहे. फ्रेंच कवी गियोम आपोलिनेर यांच्या प्राणिविषयक कवितांच्या १९११ च्या पुस्तकासाठी त्यांनी लाकडावर चित्रे कोरली होती. लाकडावर कोरताना एखादी जागा काळी राहते किंवा पांढरी. मधले काही नसते. धागा वर किंवा खाली, एवढेच जाणणाऱ्या मागाला हीच विचारपद्धती हवी असते. म्हणूनच त्यांचे हत्ती, मोठमोठी पाने आणि फुले विणीत दाटीने बसूनही ठसठशीत राहतात. शिवाय आरेखन ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा येणार असल्यामुळे त्याच्या कडा एकमेकींत सांधल्या पाहिजेत, ही अटही त्यांनी ओझे मानली नाही. पाने आणि प्राणी असे गुंतवले की सांधा शोधूनही पटकन सापडू नये.

चौकटीच्या कागदावरचा निर्णय कारागिराचा होता, हे मात्र विसरू नये. संग्रहालयातल्या पाटीवर बहुधा चित्रकाराचे आणि पेढीचे नाव असते. त्या कारागिराचे नसते, आणि हा अन्याय मला फार मोठा वाटतो.

प्रश्न : कारखान्यासाठी इतकी वर्षे काम केल्याने त्यांच्या चित्रकलेचे नुकसान झाले नाही का?

उत्तर : मला तसे वाटत नाही. १९२५ च्या पॅरिसमधील सजावटी कलांच्या प्रदर्शनात प्वारे यांनी सीन नदीत तीन नौका सजवल्या होत्या. त्यांपैकी एकीसाठी द्युफी यांनी चौदा मोठी कापडी चित्रे केली. भिंतभर पृष्ठभाग पेलण्याची तयारी अशा कामांतूनच होत गेली असणार. पॅरिसमधील १९३७ च्या प्रदर्शनासाठी विजेच्या इतिहासावर त्यांनी जे अजस्र चित्र काढले, ते सुमारे ६०० चौरस मीटरचे, २५० फलकांवर रंगवलेले आहे. त्यांच्या उत्तरकालीन चित्रांत रंग रेषेला न जुमानता तिच्याबाहेर मोकळा पसरतो. कापडावर रंगाचा आणि रेषेचा ठसा वेगवेगळा उमटताना ज्याने वर्षानुवर्षे पाहिला, त्याला ही मोकळीक सहज सुचली असावी.