मराठी डेस्कटॉपवर एकाच कृतीला तीन-तीन नावं दिसतात, ती एकसारखी कशी करायची?

ग्नोमच्या (लिनक्सवरच्या एका डेस्कटॉपच्या) मराठी भाषांतरात तुमच्या गटातला एक जण ‘सेव्ह’ला ‘साठवा’ लिहितो, दुसरा ‘जतन करा’, तिसरा ‘संचयित करा’, आणि हे एकसारखं कसं करायचं, असा तुमचा प्रश्न आहे.

आधी शब्दसूची करा, पण ती इंग्रजी शब्दांची नको, कृतींची करा. ‘डिलीट’, ‘रिमूव्ह’ आणि ‘मूव्ह टू ट्रॅश’ या तिन्हींना ‘काढून टाका’ लिहिलं तर वाचायला खटकत नाही, पण वापरणाऱ्याची फाइल जाते. ग्नोमच्या ‘फाइल्स’मध्ये नुसती डिलीट की दाबली तर फाइल कचरापेटीत जाते, शिफ्ट धरून दाबली तर कायमची जाते. साइडबारमधला बुकमार्क काढला, तर मूळ फोल्डरला धक्काही लागत नाही. परिणाम तीन, म्हणून नावंही तीन हवीत: ‘कचरापेटीत टाका’, ‘कायमचे नष्ट करा’, ‘यादीतून काढा’. उलट ‘ओपन’ हा एकच शब्द बटणावर ‘उघडा’ असतो आणि स्थिती सांगताना ‘उघडी आहे’. पीओ फाइलमध्ये (मूळ इंग्रजी मजकूर आणि त्याचं भाषांतर जोडीने ठेवणाऱ्या फाइलमध्ये) संदर्भाची ओळ नसेल तर अंदाज बांधू नका, मूळ प्रकल्पाकडे संदर्भ मागा.

बटणांवर सगळीकडे आज्ञार्थ ठेवा. ‘उघडा’च्या शेजारी ‘बंद करणे’ नको.

मग ट्रान्सलेट टूलकिट या भाषांतराच्या साधनसंचातलं पोकॉन्फ्लिक्ट्स (poconflicts) हे साधन चालवा. एकाच इंग्रजी मजकुराची वेगवेगळी भाषांतरं ते बाजूला काढून देतं. इन्व्हर्टचा (उलट तपासणीचा) पर्याय दिला तर दोन इंग्रजी मजकुरांना एकच मराठी नाव कुठे पडलंय तेही कळतं. ग्नोमसाठी अॅक्सिलरेटर, म्हणजे शॉर्टकटच्या अक्षराआधीची खूण, म्हणून अंडरस्कोर (_) सांगायला विसरू नका (केडीई या दुसऱ्या डेस्कटॉपात अँपरसँड, &), नाहीतर शॉर्टकटची खूण असलेला ‘सेव्ह’ आणि नुसता ‘सेव्ह’ वेगळे धरले जातात.

दुरुस्ती करताना सरसकट शोधा-बदला करू नका. ‘संचयिका’च्या जागी ‘फोल्डर’ घातलं की ‘फोल्डर रिकामी आहे’ असं होऊन बसतं, आणि ‘संचयिकेत’ तर सापडतच नाही. ‘संचयिक’ एवढंच शोधा आणि प्रत्येक वाक्य डोळ्यांखालून घाला. तरीही शब्द निसटतात, कारण ‘दुसऱ्या’मधला अर्धा र दोन प्रकारे टाइप होतो: स्वतंत्र ‘ऱ’ला हलन्त देऊन, किंवा साध्या ‘र’ला हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह देऊन. दिसायला दोन्ही सारखेच, शोधाला मात्र वेगळे. एकच पद्धत ठरवा आणि जुन्या फाइली तिच्यात आणून घ्या.

‘डेस्कटॉप’, ‘डाउनलोड्स’ यांसारख्या फोल्डरांची नावं मात्र सर्वात आधी पक्की करा. ती पहिल्या लॉगिनला वापरकर्त्याच्या होम फोल्डरमध्ये खरोखर तयार होतात. पुढच्या आवृत्तीत भाषांतर बदललं तरी आधी बनलेले फोल्डर आपोआप नवं नाव घेत नाहीत. मग मदतीच्या पानावर एक नाव आणि डिस्कवर दुसरं, अशी वापरणाऱ्याची पंचाईत होते.