कोळसुंद्याची शीळ

वाळपई

प्रिय बाळ,

अनेक आशीर्वाद. तुझ्या कादंबरीची पाच प्रकरणं दोन रात्रींत वाचली. गोव्याच्या सत्तरी तालुक्यातलं घर, कुळागराचं म्हणजे पोफळीच्या बागेचं शिंपण, आजीचा खोकला, सगळं डोळ्यांसमोर उभं राहिलं. मग पांढरा लांडगा आला, त्याने नायिकेच्या कपाळाला नाक लावलं, आणि मी वही मिटली.

म्हादई अभयारण्याच्या रानात लांडगा कशाला आणतोस? तिथं कोळसुंदा, म्हणजे रानकुत्रा आहे. तांबूस अंगाचा, काळ्या झुपकेदार शेपटीचा. पांगलेल्या सोबत्यांना तो शीळ घालून बोलावतो. पावसाळी पहाटे ती शीळ त्याची की शीळकरी कस्तूर पक्ष्याची, हे तुझ्या नायिकेला क्षणभर कळू नये. तिथून जादू सुरू कर.

पण कोळसुंदा कळपाचा. शिकार सगळ्यांनी मिळून करायची, मारलेल्या सांबरावर पिल्लांना आधी खाऊ द्यायचं, ही त्यांची रीत. असा जीव मनाने एका मुलीशी बांधला गेला, तर कळपात त्याची जागा काय राहील? तुझा लांडगा तिला नुसता वाचवतो, वाट दाखवतो, धीर देतो. स्वतःसाठी काहीच मागत नाही. मला तो जनावर वाटलाच नाही.

ॲन मॅकॅफ्री यांच्या ‘ड्रॅगनफ्लाइट’मध्ये (१९६८) लायटॉल नावाचा माणूस आहे. ज्या ड्रॅगनशी त्याचं मन जुळलं होतं, तो मेलाय आणि हा मागे उरलाय. त्याच्याकडे बघूनच या नात्याची किंमत कळते. रॉबिन हॉब यांच्या ‘असॅसिन्स अप्रेंटिस’मध्ये (१९९५) तर पोराचं कुत्र्याच्या पिल्लाशी मन जुळलेलं बघून त्याला सांभाळणारा माणूसच ते पिल्लू हिरावून नेतो, कारण तिथं ही विद्या लाजिरवाणी मानतात. दोन्ही वाच. फिलिप पुलमन यांच्या कादंबऱ्यांतला डेमन मात्र सध्या बाजूला ठेव. तो प्राण्याच्या रूपात बाहेर आलेला माणसाचाच आत्मा, त्याला स्वतंत्र भूक नाही.

तुझ्या कोळसुंद्याला भूक हवी. एका रात्री तो शेजारच्या काकीचं वासरू मारू दे. मनं जुळलेली आहेत ना? मग झोपेत मुलीच्या तोंडात रक्ताची चव यायला हवी, आणि ती तिला गोड लागायला हवी. सकाळी काकी गोठ्यात रडत बसलेली. मुलगी तिच्याजवळ जाऊन काय बोलेल? हे पान तू लिहिलंस तर बाकीचं पुस्तक आपोआप उभं राहील, असं मला मनापासून वाटतं.

गावाचा राग सोपा करू नकोस. २०२० च्या जानेवारीत याच अभयारण्यात चार वाघ मेलेले सापडले. गुरं मारली म्हणून विष घातल्याचं पुढं आलं. ज्याचं जनावर जातं, त्याचं घर खचतं. आणि तोच माणूस सातेरी देवीच्या वारुळापुढे हात जोडतो, गाव राखणाऱ्या देवाला, राखणदाराला दरवर्षी मान देतो. रानाशी देणंघेणं आपल्याकडे जुनंच आहे. तुझ्या जादूचे नियम तिथून घे. मुलीला त्याचे डोळे, त्याचं नाक मिळालं, तर बदल्यात तिनं काय दिलं?

चवथीला घरी येशील तेव्हा सहावं प्रकरण आण. वासराचं नाव काय होतं, ते आधी ठरव.

तुझ्या बाई